एका बाटलीसाठी सात महिने

गेल्या वर्षीची गोष्ट, पण ती फाईल आठवली की अजूनही डोकं तापतं.

आमच्या प्रयोगशाळेत गीर गायींचे भ्रूण तयार होत होते. ताजे गायीच्या गर्भाशयात सोडले तर गर्भही राहायचा. गोठवलेले मात्र वितळवल्यावर बहुतेक मरायचे. मायक्रोस्कोपखाली ते काजळी धरलेल्या काचेसारखे काळपट दिसायचे. नाइल रेड हा चरबीला धरणारा रंग लावून पाहिलं तर पेशीपेशीत चरबीचे पिवळे थेंब चमकत होते. (हा रंग अंधारात ठेवा, उजेडात उतरतो.) गायीच्या बीजांडात मुळातच चरबी बरीच असते, पण वरची भर आमचीच होती. कल्चर मीडियममध्ये, म्हणजे भ्रूण वाढवायच्या द्रवात, आम्ही १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घालायचो. त्यातली फॅटी ॲसिड, म्हणजे चरबीचे घटक, भ्रूण शोषून साठवतो, आणि असा चरबीने भरलेला भ्रूण गोठणं-वितळणं सोसत नाही.

उपाय ठाऊक होता: सीरम बंद करायचं आणि फॅटी ॲसिड काढून टाकलेलं बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, वापरायचं. मी इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणीअर्ज, भरला.

तीन कोटेशन हवी होती, दोनच आली, फाईल परत. तिसरं मिळवलं तर शेरा आला, ‘बीएसए मागील वर्षी खरेदी केले आहे, पुन्हा आवश्यकता काय?’ दोन पानी खुलासा दिला. मग सही करणारे अधिकारी रजेवर. अखेर खोका आला, घाईघाईने फोडला आणि लेबल वाचलं: फ्रॅक्शन फाइव्ह. म्हणजे साधं बीएसए! रक्तात फॅटी ॲसिड वाहून नेणं हेच अल्ब्युमिनचं काम, त्यामुळे साध्या बीएसएला ती चिकटलेलीच असतात.

बाटली घेऊन खरेदी विभागात गेले. “साहेब, हे ते नाही.”

“मॅडम, नाव तेच आहे ना? सगळ्यात कमी दर यांचाच होता.”

इंडेंटवर मी ‘फॅटी ॲसिड फ्री’ स्पष्ट लिहिलं होतं. कोटेशनचा तुलनात्मक तक्ता टाईप करताना ते शब्द गळले होते. पुन्हा पहिल्यापासून.

तिकडे दर पंधरवड्याला गायी खोड्यात उभ्या राहायच्या. एपिड्युरल, म्हणजे कण्यात भुलीचं इंजेक्शन, द्यायचं, सोनोग्राफीवर बघत सुईने बीजांडं काढायची. ती जनावरं निमूट उभी असायची आणि त्यांच्या बीजांडांपासून पुन्हा तेच काळे भ्रूण बनणार हे मला माहीत असायचं. त्याचा राग सर्वांत जास्त आला.

म्हणून सांगते, इंडेंटवर कॅटलॉग नंबर घाला आणि तुलनात्मक तक्त्याची प्रत मागून स्वतः शब्दन् शब्द वाचा. आणखी एक, सीरम थांबवलं की ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी धरलेले, वाढीच्या पुढच्या टप्प्यातले भ्रूण, जरा उशिरा दिसतात. सातव्या दिवशी कमी दिसले म्हणून डिश टाकून देऊ नका. आम्ही एल-कार्निटिनही घातलं, त्याने चरबी पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात जाऊन जळते.

नवी बाटली आली तेव्हा लेबल मी तीनदा वाचलं. त्या मीडियममधले भ्रूण फिके, स्वच्छ निघाले. पहिली खेप गोठवून वितळवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला, तर एक भ्रूण टच्च फुगून आवरणाबाहेर डोकावत होता.