पटाच्या दिवशीची दुपार

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असं करत वैनगंगेचा पूल ओलांडला, वडसा मागे टाकलं, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. जानेवारीची थंडी. बांध्यांतलं धान कधीच घरी गेलं होतं आणि त्याच ओलीवर टाकलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, निळ्या फुलांवर आली होती.

गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत होती. पट म्हटला की रात्री नाटक आलंच. मंडळाच्या पोरांनी आम्हा दोघींना कलाकारांच्या विश्रांतीसाठी काही करा म्हणून बोलावलं होतं. मी नागपुरात आवाज आणि श्वासाचे वर्ग घेते, मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातली नाटकं मी कित्येक वर्षं बघतेय आणि पहाटेच्या अंकातले बसलेले आवाज ऐकून दर वेळी जीव तुटतो. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम होळीपर्यंत चालतो. रात्री दहाच्या पुढे उघडलेला पडदा उजाडताना पडतो, की मेकअप पुसायचा, गाडीत बसायचं आणि पुढचं गाव गाठायचं. २०२३ मध्ये झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव दूरवर गेलं. तिच्या जागरणांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

नऊला सुरू करू असं आम्ही कळवलं होतं. ती चूक होती. कंपनीची गाडी आत्ताच पोचली होती आणि शाळेच्या खोलीत तणसावर (धानाच्या वाळल्या काडांवर) सतरंज्या टाकून सगळे गाढ झोपले होते. कुणालाही उठवायचं नाही, हे दारातच ठरलं. उजेड डोळ्यांवर आला की दिवसाची झोप कच्ची राहते, म्हणून खिडक्यांना जुन्या पडद्याचं जाड कापड बांधलं. पटाच्या भोंग्याचं तोंड पोरांनी दुसरीकडे वळवलं. त्या दिवसाचं सगळ्यांत मोलाचं काम माझ्या मते हेच.

दीड वाजता मंडळी उठली. मैत्रिणीने मानापाठी मोकळ्या करून दिल्या. मग मी नळ्या काढल्या. बुरडाकडून करंगळीपेक्षा बारीक बांबूच्या वीतभर नळ्या कापून, घासून, उकळून घेतल्या होत्या. एक टोक ओठांत धरायचं, दुसरं पेल्यातल्या पाण्यात बोटभर बुडवायचं आणि 'ऊ' असा बारीक सूर लावत बुडबुडे काढायचे. नळीमुळे तोंडात हलका दाब राहतो, स्वरतंतूंवरचा आघात कमी होतो आणि जोर न लावता आवाज तापतो. खलनायकाचं काम करणारे काका पहिल्यांदा सुरावर टिकेनात. पाचव्या वेळी बुडबुडे एकसारखे येऊ लागले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पाणी पेल्याबाहेर उडू लागलं तरी थांबले नाहीत. आवाज बसला की कुजबुजत बोलू नका, त्याने घसा उलट ताणला जातो, गप्पच राहा, हेही सांगितलं. नायिकेने ते मेकअपच्या पेटीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं.

दाराशी गावातल्या बाया उभ्या होत्या. पटाला घरोघरी पाव्हणे असतात. पहाटे चारपासून सयपाक, रात्रभर नाटक, सकाळी पुन्हा चहा-पोहे. कलाकारांचं जेवणही त्यांच्याच चुलीवर झालं होतं.

"आमाले चालते का जी?" एकीने विचारलं.

"चालते ना मावशी, या."

आम्ही कलाकारांच्या विश्रांतीचा विचार केला होता, त्यांना जेवू घालणाऱ्या हातांचा नाही. ते मला आतून लागलं. उत्सवात जो सगळ्यांना जेवू घालतो, त्याला आधी निजू दिलं पाहिजे.

पंधराजणी शवासनात पडल्या. मी पायाच्या अंगठ्यापासून एकेक अवयव सैल सोडायला सांगू लागले. गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत ती विचारणारी मावशी घोरू लागली. मनगटापर्यंत वाळलेलं पीठ होतं. बाहेरून तिच्या मुलाने हाक मारली, "माय, पाव्हणे आले!"

काका उठले, दाराबाहेर गेले आणि त्या पोराला घेऊन स्वतः चहा मांडायला निघाले.