त्याला ऊन लागलं

नवतपा लागून तीन दिवस झाले होते. दुपारी अडीचला महालातल्या आमच्या गल्लीत एक कुत्रं तेवढं होतं, तेही नळाच्या ओट्याखाली. अशा वेळी शहाणा नागपूरकर पन्हं पिऊन झोपतो. मी जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ती कशी चालते ते बघत बसलो होतो.

चालत होती की! नेट लागलं, आवाज आला, पडद्याचा उजेड कमी-जास्त व्हायला लागला. मग सवयीनं टॉप टाइप केलं. नवीन घरात पाऊल ठेवलं की आई आधी सगळे नळ सोडून बघते, तसं नवीन सिस्टीमवर मी आधी टॉप लावतो. कोण किती मेमरी खातंय, कोण नुसतंच बसून आहे. १९८४ सालचा हा प्रोग्राम, आजवर इतक्या मशीनवर चालला, माझ्याच पुढ्यात येऊन पडावा? एंटर मारलं आणि एकच ओळ आली: सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड. म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला आणि जागीच मेला.

पुन्हा मारलं, पुन्हा तेच. लॉगमध्ये नोंद होती की सिग्नल ११ने, म्हणजे त्याच चुकीनं, गेला, आणि फोल्डरमध्ये टॉप डॉट कोअर नावाची फाइल. म्हणजे मेला तेव्हा मेमरीत जे जे होतं त्याचा पंचनामा.

हा कोअर शब्द मला फार आवडतो. एके काळी कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे फेराइटच्या इवल्या कड्या असत, पोत ओवावी तशा तारांत ओवलेल्या, एका कडीत एक बिट. त्या कड्या कधीच्या गेल्या, पण मेमरीचा ढीग उपसला की अजून कोअर डम्प म्हणतात. गांधीसागराला जुनी माणसं अजून शुक्रवारी तलावच म्हणतात, त्यातलं.

मित्राला फोन केला. तो झोपेतून उठून म्हणाला, "फॉरमॅट मारून टाक ना बे. एवढ्या उन्हात काहून डोकं लावून राहिला?"

मारलं असतं फॉरमॅट, पण मला कारण लागतं. ही माझी खोड आहे आणि घरातल्या सगळ्यांना तिचा त्रास आहे. कूलरचा पंप अडकला की बाबा त्याला चपलेनं दोन टोले द्यायचे. पाणी ताट्यांवर वाहायला लागलं की "झालं" म्हणून पेपर उचलायचे. मी मात्र पंप उघडून बसायचो. आत काय अडकलं होतं ते दिसल्याशिवाय मला जेवण जात नसे. बहुतेक वेळा वाळ्याची काडी असायची. एकदा पालीचं पिल्लू निघालं, त्या दिवशी तसंही जेवण गेलं नाही.

तर आधी माझ्यावरच संशय घेतला. फ्रीबीएसडीत कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एका आवृत्तीचा आणि बाकीचा संसार दुसऱ्या आवृत्तीचा असला की असले घोळ होतात; अपडेट अर्धवट सोडून उठलं की हमखास. आवृत्त्या तपासल्या, सगळ्या सारख्या. मग टर्मिनल बदलून पाहिलं, भाषेच्या सेटिंग काढून पाहिल्या. दुसरा युजर बनवून त्याच्याकडून चालवलं, त्याच्याही हातात मेला. टॉपच्या फाइलचा शा-२५६ ठसा, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा आकडा, काढून वहीत टिपून ठेवला, आणि शेवटी वैतागून मशीन बंद-चालू केलं.

टॉप चालला. अगदी साळसूदपणे, जणू काही झालंच नव्हतं. मी खुशीत मॅन, म्हणजे कमांडची माहिती दाखवणारा प्रोग्राम, उघडायला गेलो, तर मॅन मेला. सिग्नल ११.

एव्हाना लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत होता. आई आतून उठून आली, खालून हात लावून पाहिला, चटका बसला तशी हात झटकत म्हणाली, "अरे, याला ऊन लागलं." आत गेली आणि एक कांदा आणून लॅपटॉपच्या शेजारी ठेवला. आमच्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडणाऱ्याच्या खिशात ती कांदा घालतेच. मशीन घराबाहेर पडलेलं नव्हतं, पण तेवढी सूट तिनं दिली असावी.

मला एकदम शाळेची कॉम्प्युटर रूम आठवली. अख्ख्या शाळेत एसी तेवढा तिथेच. बाकी वर्गांत पंखे, तेही असे की त्यांच्याखाली बसलं तर गरम हवा थेट डोक्यावर. आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरचा तास. बाहेर चपला-बूट काढायचे, मोज्यांचा वास घेत रांग लावायची आणि दार उघडलं की पहिला झोत अंगावर यायचा तो! कॉम्प्युटर काय असतो याच्याशी निम्म्या पोट्ट्यांना देणंघेणं नव्हतं. चाळीसजण दहा मशीनवर. एक जण टाइप करणार, तिघं एसीकडे तोंड करून डोळे मिटणार. मी खरं तर त्या तिघांतला. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आवडायला लागली ती बरीच नंतर, आधी आवडला तो गारवा. अजूनही काळा पडदा समोर आला की मला किंचित गार वाटतं. यात हसण्यासारखं काही नाही.

एप्रिलमध्ये एकदा तो एसी बंद पडला. सरांनी सगळी मशीनं बंद केली, वर खाकी कव्हरं घातली आणि आम्हाला परत वर्गात पाठवलं. म्हणाले, "आज फार गरम आहे, मशीनला त्रास होईल." आम्ही चाळीसजण निमूटपणे चव्वेचाळीस डिग्रीत बीजगणिताला जाऊन बसलो. तेव्हा कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

हं, तर टॉप. त्याचा ठसा पुन्हा काढला आणि वहीशी ताडून पाहिला. वेगळा! फाइलला कोणी हात लावला नव्हता, तरी ठसा वेगळा. इथे माझी झोप पुरती उडाली. एकदा वाचलेली फाइल सिस्टीम मेमरीत ठेवून देते, दर वेळी डिस्ककडे जात नाही. ठेवलेली जागाच नासकी असेल तर तिथे बसलेला प्रोग्राम प्रत्येक वेळी मरणार. मशीन बंद-चालू केलं की तिथे दुसरा कोणी जाऊन बसतो आणि मग तो मरतो. खाटेचा पाय मोडका, आणि मी झोपणाऱ्याला तपासत होतो.

पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारा मेमटेस्ट लावला. पंधरा मिनिटांत चुकांच्या लाल ओळी. मागचं झाकण उघडलं, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. एकीच्या सोनेरी दातांवर काळपट साय धरली होती. इतके उन्हाळे हा लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर, त्या ओलसर हवेतच बसला होता. भाचीच्या कंपासमधून खोडरबर काढला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा, आणि दात घासून दिले, जसे गल्लीबोळातले सगळे रिपेअरवाले घासतात. पट्ट्या परत बसवल्या आणि मेमटेस्ट पुन्हा लावून जेवायला उठलो.

रात्री दहाला पाहिलं तर लाल ओळ एकही नाही. टॉप चालला, मॅन चालला. पण दहाला खिडकीतून बरी हवा येत होती, आणि लॅपटॉपचं बूडही कोमट झालं होतं. म्हणजे खोडरबरानं काम केलं की रात्रीनं, ते उद्या दुपारी अडीचला कळेल.

कांदा मात्र जागेवर नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, "पिठल्यात घातला. आत्ताच तर खाल्लास."