छातीवर 33, पोटात 38.5

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी टेंपरेचर कॅलिब्रेशन बघतो. सेन्सर ढवळत्या पाण्याच्या बाथमध्ये सोडायचे, रेफरन्स पीटी-100 शी (प्लॅटिनमच्या खात्रीच्या सेन्सरशी) ताडून बघायचे, सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच काम. पण या उन्हाळ्यातली एक टेस्ट अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

एका स्टार्टअपच्या पोरांनी स्पेसवॉकसाठी म्हणून शरीराचं टेंपरेचर दाखवणारा, अंगाला चिकटवायचा पॅच केलाय. पोरं हुशार आहेत, सर्किट खरंच सुबक. आमच्याकडे आला तेव्हा हवेत आकडा किंचित वर दाखवत होता आणि कारण शोधायला मला मजा आली. आत 10 किलोओहमचा थर्मिस्टर (टेंपरेचरप्रमाणे रोध बदलणारा बारीक मणी), त्यातून सतत 100 मायक्रोअँप, म्हणजे 0.1 मिलिवॅट, आणि एवढ्याशा मण्याला शांत हवेत मिलिवॅटमागे साधारण एक डिग्री चढते. म्हणजे सेन्सर स्वतःच स्वतःला 0.1 डिग्री तापवतोय! ढवळत्या पाण्यात ते कळतच नाही. आणि स्पेससूटमध्ये तर शुद्ध ऑक्सिजन जेमतेम 0.3 अ‍ॅटमॉस्फिअरवर असतो, तिथे उष्णता वाहून न्यायला वायूच कमी. मग करंट सतत न देता वाचण्यापुरताच द्यायला लावला आणि पॅच छान जागेवर आला.

आता स्पेसवॉकमधल्या उष्णतेचं बघा. बाहेर निर्वात, घामाची वाफ झाली तरी सूटमध्येच राहणार आणि माणूस सहा-सात तास हातांनी राबतोय. 1966 मध्ये नासाच्या जेमिनी 9 मोहिमेच्या वेळी अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर गेले तेव्हा सूट फक्त वायूने थंड व्हायचा, त्याला ते झेपलं नाही, हेल्मेटची काच धुकटली, काम अर्धवट टाकून आत यावं लागलं. पुढे अपोलोपासून पाण्याच्या बारीक नळ्या शिवलेलं आतलं कापड आलं, आजच्या अमेरिकन सूटमध्ये अशा जवळपास 90 मीटर नळ्या असतात. त्यातलं पाणी सब्लिमेटरमधे गार होतं. तिथे बर्फाची थेट वाफ होऊन बाहेर जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, आपल्या माठासारखंच. आणि पाणी किती गार हवं ते ठरवणारी कळ अंतराळवीराच्याच हातात असते. हे लक्षात ठेवा.

पॅचची माणसावरची टेस्ट गुरुवारी ठेवली, एमआयडीसीला सुट्टी, चेंबर मोकळा. व्हॉलंटिअर म्हणून फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले एक काका होते, काटक माणूस. अंगात नळ्यांचं जॅकेट, वर केमिकलवाला बंद सूट, चेंबरमध्ये ट्रेडमिल. खऱ्या टेंपरेचरसाठी सेन्सरची गोळी काही तास आधीच गिळायला दिलेली, कारण गोळी आतड्यात न उतरता जठरातच असेल तर वर प्यायलेल्या गार पाण्याने आकडा बिघडतो. (अशीच गोळी 1998 मध्ये जॉन ग्लेन यांनी शटलमध्ये गिळली होती.) पॅच छातीवर, जॅकेटच्या खाली. मी आधीच म्हटलं होतं की कपाळावर लावा, तिथे नळ्या नाहीत. पण त्यांच्या मार्केटिंगवाल्याला छातीवरच हवा होता, फोटोत बरा दिसतो म्हणून. असल्या कारणावर मोजायची जागा ठरते याचा मला संताप येतो.

काका चालायला लागले, चिलरचं पाणी सुरू झालं. छातीचा आकडा उतरत 33 वर आला, अ‍ॅपने हिरवा रंग दाखवला, आतलं टेंपरेचर म्हणून 36.9. आणि माझ्या स्क्रीनवर गोळी 38.1, मग 38.3. काकांना विचारलं तर म्हणाले, "एकदम गार वाटतंय साहेब, अजून तासभर चालतो." ते खोटं बोलत नव्हते. कातडीला गारच वाटत होतं. आणि कातडी फार गार झाली की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, मग आतली उष्णता कातडीपर्यंत यायलाच अडचण. स्टार्टअपचा पोरगा म्हणाला पाणी आणखी गार करू. डॉक्टर मॅडम नाही म्हणाल्या. नाडी उतरत नाहीये हे त्यांनी आमच्या सगळ्यांच्या आधी बघितलेलं.

38.5 ला मॅडमनी टेस्ट थांबवली. "काका, बसा आता." "अहो मॅडम, काही होत नाहीये मला." सूट काढला, कपाळ तापलेलं आणि पोट हाताला थंडगार. बसल्यावरही गोळी काही मिनिटं चढतच राहिली, 38.6 पर्यंत, कारण आतड्याचं टेंपरेचर थोडं मागून येतं. म्हणजे गोळीवरही आंधळा भरवसा नाही.

मला छळतंय ते हे. तिथे काकांच्या जागी अंतराळवीर असता आणि कळ त्याच्या हातात असती तर? त्याला गार वाटतंय, अ‍ॅप हिरवं, तो कशाला हात लावेल? अपोलोच्या वेळी जमिनीवरचे लोक नाडी बघायचे, ऑक्सिजन किती संपला बघायचे आणि नळ्यांत शिरणाऱ्या नि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला फरक बघून अंगातून किती उष्णता निघाली ते काढायचे. तीन वाटांनी एकच गोष्ट. यांना एक आकडा आणि एक रंग पुरतो.

पॅच बाथमध्ये 0.1 च्या आत बरोबर आहे, सर्टिफिकेट मी सही करून दिलं, त्यात काही खोटं नाही. पण टेस्ट रिपोर्टच्या शेऱ्यात लिहिलं की गार जॅकेटखाली हा आकडा शरीराचा धरू नये. दुसऱ्या दिवशी फोन आला, सर तेवढी ओळ काढता येईल का, इन्व्हेस्टरला दाखवायचंय. नाही काढली. पुढच्या टेस्टला कपाळावर दोन थरांचा हीट फ्लक्स सेन्सर (कातडीतून बाहेर पडणारी उष्णता मोजणारा) आणि जॅकेटच्या दोन्ही तोंडांना पाण्याचे प्रोब लावल्याशिवाय चेंबर देणार नाही असं सांगितलंय, अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.