तुम्ही विचारलंत म्हणून: कोडिंग येतं, मग लॉजिकलाच का अडतं?

दर सेमिस्टरला कोणीतरी विचारतंच, सर कोड तर मस्त जमतो, मग डिस्क्रीट मॅथ्समधल्या (कॉम्प्युटरवाल्यांना लागणाऱ्या गणितातल्या) लॉजिकलाच का माती खातो. विचारणारा बहुतेक वेळा हुशार असतो हे विशेष. माझं म्हणणं, कोड जमतो म्हणूनच अडतं.

कोडमधला इफ म्हणजे हुकूम, कंडिशन फॉल्स निघाली की आतली ओळ चालतच नाही, विषय संपला. लॉजिकमधलं जर-तर हा दावा असतो आणि दाव्याला दरवेळी ट्रू किंवा फॉल्स काहीतरी द्यावंच लागतं, त्यामुळे ट्रुथ टेबलमध्ये, म्हणजे ट्रू-फॉल्सच्या सगळ्या जोड्या मांडलेल्या तक्त्यात, पी (जर-चा भाग) फॉल्स असलेल्या दोन ओळी आल्या की पोरं हँग. पी झालंच नाही तर ट्रू कसलं लिहायचं? मग पाठ करतात आणि पेपरात नेमकं उलटं लिहून येतात.

मी फळ्यावर लिहितो, पूर्णांकाला 4 ने भाग जात असेल तर 2 नेही जातो. हे सगळ्यांनाच मान्य. आता 8 घाला, दोन्ही खरं. 6 घाला, 4 ने जात नाही पण 2 ने जातो. 5 ला दोन्ही नाही. मग 6 नि 5 ने नियम मोडला का? नाही ना, म्हणजे त्या ओळींत ट्रूच येणार. मोडायचाच तर 4 ने जाणारा पण 2 ने न जाणारा आकडा आणा म्हटलं की वर्ग गप्प.

हे फक्त आपल्याच पोरांचं आहे असं नाही बरं का. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये चार कार्डांचं कोडं मांडलं. प्रत्येक कार्डावर एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा, समोर दिसतात ई, के, 4, 7, नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा, तर कुठली कार्डं उलटून बघाल? भलेभले ई आणि 4 म्हणतात, उत्तर आहे ई आणि 7, कारण 4 च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. आणि 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्सनी तेच कोडं बिअर पिणाऱ्यांचं वय तपासा म्हणून दिलं, तर बहुतेकांनी बरोबर सोडवलं!

क्वांटिफायरचा, म्हणजे 'प्रत्येक' आणि 'असा एक आहे' या शब्दांचा, क्रम ही दुसरी डोकेदुखी. प्रत्येक युजरला कुठलातरी पासवर्ड आहे, आणि असा एक पासवर्ड आहे जो सगळ्या युजरना चालतो, चिन्हांत फक्त पुढचं मागे होतं, पण दुसरं वाक्य प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक खरोखर वापरतात त्या सिस्टिमवर, गेलं तर बोंबला.

आणि रिकाम्या वर्गातले सगळे विद्यार्थी पास, हे विधान खरं आहे (नापास झालेला एकही दाखवता येत नाही ना!) म्हटलं तर माझ्याशी तासभर भांडतील. पायथॉनमध्ये रिकाम्या लिस्टवर ऑल (सगळं ट्रू आहे का हे बघणारं फंक्शन) चालवून ट्रू आलं की मात्र लगेच, हो सर, बरोबर आहे.