पळसाला पानंच नव्हती

नागपूरला पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट पात्याने, चित्रं काढायला शिकायचं होतं आणि येताना ब्रश आणायचे नाहीत, अशी अट होती. एकही नाही. मामांच्या शेजारी एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात, सगळी गल्ली त्यांना नुसतं 'सर' म्हणते. फोनवर म्हणाले, "तुम्ही या, पण ब्रश घरी ठेवून या. नाही तं चार दिवस पाकळ्याच मोजत बसाल." माझी जलरंगातली फुलं त्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिली होती. टोमणा कळला. खरा होता म्हणून गप्प बसले.

फेब्रुवारी संपत आला होता. नाशिक रोडला रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढले आणि जाग आली तेव्हा बडनेरा मागे पडलं होतं. खिडकीबाहेर काळी जमीन, वेचणी होऊन गेलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, कापलेल्या तुरीचे ढीग, सगळं कसं करड्या-तपकिरी रंगात विटलेलं. आणि त्यात मध्येच एखादं झाड पेटल्यासारखं. पळस! कुठेही जा, पळसाला पानं तीनच, असं आपण आयुष्यभर म्हणत असतो. इथे तर एकही पान नव्हतं. नुसती फुलं. वर्ध्यापर्यंत मी फोनवर फोटो काढत राहिले आणि त्यातला एकही धड आला नाही.

मामीने स्टेशनवरून आल्या आल्या तर्रीपोहे समोर ठेवले. "नाशकात असे भेटतात का?" नाही भेटत. दुपारी भाकरीबरोबर जवसाची चटणी होती. ही चटणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

संध्याकाळी सरांच्या गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक जुनं टेबल, त्यावर रंग मिसळायला खिडकीची काच आणि तीन नाइफ. एक सरळ पात्याचा, तो फक्त रंग कालवायला. उरलेल्या दोघांच्या मानेला गवंड्याच्या थापीसारखा बाक, म्हणजे बोटं कॅनव्हासला लागत नाहीत. त्यातला एक पिंपळपानासारखा टोकदार, दुसरा लांबट. पातं इतकं लवचीक की अंगठ्याने दाबलं तर वाकतं आणि सोडलं की टणकन सरळ होतं. धार मात्र नसते. नाव नाइफ, पण टोमॅटोसुद्धा कापता येणार नाही.

सरांनी पांढऱ्या रंगाच्या ट्यूबचं झाकण उघडून माझ्या नाकापाशी धरलं. "कशाचा वास येऊन राहिला?"

मी म्हटलं, तेलरंगाचा.

"दुपारी काय जेवल्या?"

तेव्हा ट्यूब पेटली. तेलरंगातलं तेल म्हणजे बहुधा जवसाचंच. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटली की झाला तेलरंग. युरोपात हे शेकडो वर्षं चालत आलंय, पण आपल्याकडे रंगाच्या दुकानात त्याला 'लिनसीड ऑइल' म्हणतात आणि आपल्याला वाटतं, काहीतरी विलायती प्रकरण आहे. विदर्भात जवस पूर्वापार पेरतात. त्याची निळी नाजूक फुलं रब्बीत शेताच्या कडेला दिसतात. कॅनव्हास कापसाचा. म्हणजे चित्राचं अंग आणि रक्त दोन्ही याच मातीत पिकणारं. नाशिकहून गाडीत बसून मी विदर्भाचं चित्र काढायला आले होते आणि कच्चा माल खिडकीबाहेर उभा होता.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीतच नव्हती. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याने घट्ट होत जातं. म्हणून जाड थर वरून साय धरतो आणि आत कित्येक महिने ओला राहतो. आणि या सगळ्यात उष्णता बाहेर पडते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तो आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतो. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. सरांच्या गच्चीवर चिंध्या दोरीवर एकेक मोकळी वाळत घातलेल्या असतात, पापडांसारख्या. मामीला आधी वाटायचं, सर फार टापटिपीचे आहेत.

पहिले दोन दिवस वाईट गेले. नाइफने ब्रशसारखी रेघ मारता येत नाही, हे बुद्धीला पटतं पण हाताला पटत नाही. मी फांदी काढायला जाई आणि तिथे लोण्याचा ढिगारा उभा राही. सर म्हणत, "काढू नका, ठेवा." रंग पात्याच्या खालच्या बाजूला घ्यायचा, पोळीवर तूप घेतो तेवढाच. हलक्या हाताने ठेवायचा आणि पातं उचलायचं. एकदा ठेवला की परत हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा हात फिरवला की खालचा आणि वरचा रंग एक होऊन चिखल. माझ्या पहिल्या कॅनव्हासवर दोन तासांत असा चिखल झाला की त्याला फुटाळ्याचा तलाव म्हणून खपवता आलं असतं.

एक गोष्ट मात्र जमली आणि तिनेच मला धरून ठेवलं. आधी कॅनव्हासवर पातळ तांबूस रंगाचा हात फिरवून तो वाळू द्यायचा. मग त्यावर आभाळाचा निळा नाइफने असा ओढायचा की मधूनमधून खालचा तांबूस उघडा राहील. हे निळं तापलेलं दिसतं. नागपूरच्या दुपारचं आभाळ तसंच असतं, निळं पण गार नाही. जलरंगात हे मला कधी साधलं नव्हतं.

बाजारातली नाइफची चित्रं मला आवडत नाहीत, हेही सांगून टाकते. लाल छपराची झोपडी, तळं, तळ्यात दोन हंस, किनाऱ्याला लाल-पिवळ्या ठिपक्यांची बाग. हॉटेलच्या लॉबीत हटकून असतं. हे गाव कुठलं, तर कुठलंच नाही. माझ्याही हातून दुसऱ्या दिवशी तसलंच घर उतरलं. सरांनी पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचं घर आहे?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी शेजारच्या कोऱ्या कॅनव्हासवर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर करून दाखवलं. कवेलू एकेक काढले नाहीत. काळपट विटकरी, राखी आणि थोडासा हिरवट, असे तीन रंग पात्यावर अर्धवट कालवले आणि उतारावरून एकदाच खाली ओढले. पात्याच्या कडेने आपसूक उंचवटे उठले. पावसाळे खाल्लेलं छप्पर! मध्ये दोन-तीन कवेलू सरकलेले.

तिसऱ्या दिवशी पहाटे मामांच्या गाडीतून रामटेककडे निघालो. मनसरहून वळल्यावर गडमंदिराचा डोंगर दिसायला लागतो. त्याच्या थोडं अलीकडे बांधावर तीन पळस उभे होते. तिथेच मांडामांड केली. जवळून पाहिल्यावर कळलं, पळस नुसता केशरी नाही. कळी आणि देठाकडचा पेला काळपट, मखमली. त्या काळ्यामुळेच केशरी पेटतो. सरांनी आधी सगळं झाड काळ्या-तपकिरी थापांनी करायला लावलं, जळून गेल्यासारखं. मग पिंपळपानी नाइफच्या टोकावर केशरी घेतला, त्याच्या एका कडेला जरासा लाल लावला आणि नुसतं टेकवून उचलायला सांगितलं. उचलताना रंगाला एक शेपूट येतं. पळसाच्या पाकळीला असतो तसा बाक. मी एक ठेवली, दुसरी ठेवली, आणि विसाव्या पाकळीला ओरडलेच.

झाडावर गर्दी होती. मैना, बुलबुल, शिंजीर, आणि भोरड्यांचा एक थवा, गुलाबी अंग, काळं डोकं, भांडखोर. हे पाहुणे हिवाळ्यासाठी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी मध्य आशियाकडे परततात. जायच्या आधी पळसाच्या मधावर ताव मारतात. चोची परागांनी पिवळ्या झालेल्या. मी भोरडी काढली, ती कोंबडी झाली. दुसरी काढली, ती तिची बहीण. सर म्हणाले, "तुम्ही पक्षी काढून राहिल्या. पक्ष्याचं उडणं कुठं आहे?" तारेवर नीलपंख बसला होता, इकडे त्याला नीळकंठ म्हणतात आणि दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. बसलेला असताना अगदीच सामान्य, मातकट. उडाला आणि पंखांत दोन निळे एकदम उघडले. सरांनी ते दोन निळे पात्यावर शेजारी शेजारी घेऊन एका हिसक्यात ओढले. डोकं नाही, चोच नाही, पाय नाहीत. नीळकंठच होता.

मी प्रयत्न केला. सहा वेळा. सहाही वेळा खरवडला.

खरवडण्याची लाज वाटून घेऊ नका, असं म्हणत सरांनी गायतोंड्यांचं नाव काढलं. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या चित्रांत गाव, फूल, पक्षी असलं काही नाही. पण रोलर आणि पॅलेट नाइफ हीच त्यांची हत्यारं होती. रंग लावायचा, काढायचा, परत लावायचा, असे थर. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. सय्यद हैदर रझाही आधी इथल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला गेले. सरांच्या बोलण्यात अभिमान होता आणि थोडी तक्रारही, की पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगावं लागतं. मी नाशिकची, म्हणून वाचले.

चौथ्या दिवशी काटोलच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेत गेलो. अंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या बहराची, फुलं झाडांवर होती आणि पलीकडच्या बागेत पावसाळ्यात फुललेल्या मृग बहराची संत्री तोडणं चालू होतं. वासाबद्दल लिहीत नाही, जमणार नाही. चित्र लवकर झालं आणि बरं झालं. पांढऱ्या फुलासाठी पांढरा रंग जवळजवळ लागलाच नाही. सावलीतलं फूल जांभळट, उन्हातलं पिवळसर, आणि निव्वळ पांढऱ्याचे चार-पाच थेंब. वर आभाळ मोकळं ठेवलं. पक्ष्याच्या वाटेला गेलेच नाही.

आता ही ओली चित्रं नाशिकला न्यायची कशी? मामांनी उपाय काढला. दोन्ही कॅनव्हास सारख्या मापाचे, बारा बाय सोळा इंचांचे. तोंडाला तोंड करून धरायचे, चारी कोपऱ्यांत बुचांचे तुकडे, बाहेरून सुतळी. मामीने वरून संत्रा बर्फीचे दोन डबे बांधले आणि सगळं गाठोडं वरच्या बर्थवर माझ्या उशाशी. रात्री कुणीतरी दिवा लावायला हात घातला, गाठोडं सरकलं, मी झोपेतच ते दाबून धरलं.

घरी येऊन सोडलं तर एक बूच निसटलेलं. पळसाच्या एका पाकळीने समोरच्या चित्राला टेकून घेतलं होतं. काटोलच्या मोकळ्या आभाळात तिरका केशरी डाग, आणि सुटताना ओढला गेल्यामुळे त्याला दोन्हीकडे शेपटं.

नाइफ हातात घेतला होता खरवडायला. त्याआधी सरांना फोटो पाठवला, कसं काढू विचारायला. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "काढू नका. हा पक्षी जमला."