आमची वाटचाल : कुपवाडचा हापसा आणि कंपालाचे काका

कुपवाड एमआयडीसीत आमचं वर्कशॉप 1983 पासून आहे. हापशाचं हेड, साखळी, सिलिंडर, प्लंजर, वॉशर एवढंच आम्ही करतो आणि एवढंच करत आलोय. लग्नाकार्यात भेटलेले पाहुणे विचारतात, अजून हापसेच करता होय, सोलर करा की, सबमर्सिबल करा की. मी हसतो आणि मठ्ठा घेतो.

वडील, आमचे अण्णा, किर्लोस्करवाडीत टर्नर होते. 72 च्या दुष्काळात आमच्या आत्याच्या गावी, जत भागात, बायका खडी फोडायच्या आणि मिलोची भाकरी खायच्या, ती अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी, आत्या म्हणायची घास तोंडात नुसता फिरायचा. सुकडी मिळायची ती पोरं खायची. फुकट आलेल्या धान्याला नावं ठेवू नयेत हे कळतं मला, जीव त्यानंच वाचले, पण आत्याच्या लक्षात मिलो राहिली नाही, गावात बोअर मारून हापसा बसला तो दिवस राहिला. आणि आठच महिन्यात तो मोडला तो दिवस पण.

तो मोडणारच होता. तेव्हाचे बिडाचे हापसे बाहेरच्या देशातल्या घराच्या परसात एका कुटुंबानं वापरायच्या पंपाची नक्कल होते, आपल्याकडं त्यावर सगळं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत लटकलेलं. मग जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी आणि सोलापुरात एका स्वीडिश इंजिनिअरनं वर्कशॉपमध्ये खटपट करून दांडा एकाच पिव्हटवर आणला, रॉड साखळीला टांगला, त्यावरून पुढं युनिसेफच्या मदतीनं मद्रास-कोइमतूरकडं टेस्टिंग होऊन इंडिया मार्क टू झाला. म्हणजे बघा, पैसा आणि डोकं बाहेरचं पण होतं, पण पंप ठरला तो आपल्या गावात मोडून मोडून. मदत अशी असली तर माझी काही तक्रार नाही.

1981 ते 1990 हे युनोनं पाण्याचं दशक जाहीर केलेलं, जिकडं तिकडं हापसे बसत होते, म्हणून अण्णांनी फंडाचे पैसे घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं सेकंडहँड लेथ आणली. ती लेथ अजून आहे. हेडस्टॉकला जरा आवाज करते पण सिलिंडरचा पितळी लायनर तिच्यावर जसा बसतो तसा नव्या सीएनसीवर बसत नाही हे माझं मत आहे, पोरगा मानत नाही. साखळी रॉडच्या कपलिंगला जिथं वेल्ड होते तिथला फिक्स्चर अण्णांनी स्वतः केलेला. ज्याला धंदा कळतो त्याला सांगायला नको, मार्क टू चं सगळं मरण त्या वेल्डमध्ये आणि कप वॉशरमध्ये असतं, बाकी सगळं लोखंड आहे.

कंपालाचे काका आम्हाला 1993 ला मुंबईत एका एजंटकडं भेटले. मूळचे गुजराती, जन्म युगांडाचा. 1972 मध्ये इदी अमीननं 90 दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा एक बॅग घेऊन लेस्टरला गेले, मोज्यांच्या फॅक्टरीत वीस वर्षं काढली, आणि मुसेवेनी सरकारनं परत बोलावलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी परत जाऊन हार्डवेअरचं दुकान टाकलं. तिकडं आपल्या मार्क टू ला यू टू म्हणतात आणि मार्क थ्री ला यू थ्री. काकांनी पहिल्या भेटीत खिशातनं झिजलेलं वॉशर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, भाई, पंप सगळे देतात, हे कोण देतं ते सांग.

आता मुख्य गोष्ट. 1996 ला तिकडं साडेतीनशे हापशांचं काम निघालं, पैसा युरोपातल्या एका देशाचा. काकांनी आमचं नाव दिलं. त्या देशाचा कन्सल्टंट डिसेंबरमध्ये कुपवाडला आला, दोन दिवस राहिला, एल्कोमीटरनं जस्ताची जाडी मोजली, आम्ही 70 मायक्रॉनच्या खाली कधी गेलो नव्हतो, हातोडीनं वेल्ड ठोकून बघितला, हिनं केलेलं भडंग दोन वेळा मागून खाल्लं आणि वर्कशॉपमध्ये सगळ्या पोरांसमोर म्हणाला, मी बघितलेला सगळ्यात चांगला माल. जाताना एक पत्र दिलं, तत्त्वतः मान्य. डिलिव्हरी साठ दिवसांत पाहिजे म्हणाला. तत्त्वतः या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळायला पाहिजे होता. मी बँकेची सीसी लिमिट, म्हणजे धंद्याच्या उचलीची मर्यादा, पूर्ण उचलून सव्वा इंची पाइप तीन ट्रक आणला, रॉड आणला, हेडं वेल्ड करून गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे जस्त चढवायला, पाठवली.

एप्रिलमध्ये फॅक्स आला. मदतीच्या नियमाप्रमाणं माल मदत देणाऱ्या देशातूनच घ्यावा लागतो, आपल्या सहकार्याबद्दल आभार. संपलं. त्यांच्या पंपाची किंमत आमच्या जवळजवळ चौपट होती. याला बांधलेली मदत म्हणतात हे मला नंतर कळलं, म्हणजे पैसे या खिशातनं काढायचे, गरीब देशाच्या नावानं वहीत लिहायचे आणि आपल्याच कारखानदाराच्या त्या खिशात घालायचे. अशी अट असली की माल साधारण 15 ते 30 टक्के महाग पडतो असा अभ्यासकांचा हिशोब आहे, माझ्या केसमध्ये तर हिशोबच नव्हता. कन्सल्टंटला मी तीन पत्रं लिहिली, एकाचं उत्तर आलं, नाताळच्या शुभेच्छांचं कार्ड.

पुढची दोन वर्षं सांगायला नको वाटतात पण सांगतो. चौदा माणसांची पाच झाली. बँकेचा माणूस दर सोमवारी शेडमध्ये येऊन पाइप मोजायचा, जसं काय मी रात्रीत खाणार होतो. तासगावची तीस गुंठे द्राक्षबाग विकली, अण्णा व्यवहाराला आले नाहीत. आज तिथं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे आणि मी त्या रस्त्यानं शक्यतो जात नाही.

तेव्हा काकांचा फोन आला. म्हणाले, जे पडलंय ते मोंबासाला पाठव, एलसी, म्हणजे बँकेची पैशाची हमी, काढायची माझी ऐपत नाही, विकेल तसे देतो. एलसीशिवाय परदेशात माल पाठवू नये हे मी आजही प्रत्येक नव्या पोराला सांगतो, आणि स्वतः तेव्हा पाठवला. काकांनी सोळा महिन्यांत सगळे पैसे दिले, कधी ड्राफ्ट लेस्टरच्या मेहुण्याकडनं यायचा, एकदा तर व्याज धरून जास्त आले, विचारलं तर म्हणाले बँकवाल्याला पेढे दे.

2004 ला मी तिकडं गेलो. काकांनी मुद्दाम गाडी वाकडी करून एका गावात नेलं, तिथं तो चौपटवाला पंप होता, स्टेनलेसचा, दिसायला झकास, हँडल दोरीनं बांधलेलं. त्याचा सुटा भाग फक्त त्याच देशात मिळायचा आणि प्रोजेक्टचं ऑफिस कधीच बंद झालेलं. पलीकडच्या वस्तीवर यू टू चालू होता, त्यात कुणीतरी सायकलच्या ट्यूबचं वॉशर कापून घातलेलं. मला खोटं बोलता येत नाही, आनंद झाला. नंतर त्या पहिल्या पंपापाशी घागरी घेऊन परत जाणाऱ्या दोन पोरी बघितल्या आणि तो आनंद ओशाळला.

2001 लाच श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेत ठरलेलं की सगळ्यात गरीब देशांना द्यायची मदत अशी बांधू नये. पण त्यातनं धान्याची मदत आणि सल्लागारांचं काम वगळलं. म्हणजे पंप आमचा चालेल, पण कुठला पंप घ्यायचा हे सांगणारा त्यांचाच. देशाच्या उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यायची हे युनोत 1970 ला ठरलेलं, बोटावर मोजण्याइतके देश देतात. ब्रिटननं 0.7 चा कायदा केला 2015 ला आणि 2021 ला खाली 0.5 वर आला. आमच्या बँकेनं मला कधी असं करू दिलं नाही.

एक गोष्ट लपवत नाही. आपलं सरकार पण आता आफ्रिकेला एक्झिम बँकेकडनं कर्ज देतं आणि साधारण 75 टक्के माल भारतातनं घ्यायची अट असते. तसलं एक काम 2012 ला आम्हाला मिळालं. तेव्हा मी कुणाला बांधलेली मदत वगैरे बोललो नाही, गपचूप माल भरला.

मधली बरीच वर्षं माल गेला, पैसे आले. एकच दुखणं, आमच्याच धंद्यातल्या एकानं 40 मायक्रॉनचा माल इन्स्पेक्शनवाल्याला जेवण घालून पास करून घेतला. तिकडं बऱ्याच ठिकाणी पाणी आंबट, जस्त खातं, मग लोखंड, पाणी लाल येतं, कपडे डागाळतात आणि बायका परत डबक्यावर जातात. नाव खराब झालं सगळ्याच भारतीय मालाचं. 2016 ला युगांडानं हापशात जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप घालायचंच बंद केलं. खरं सांगायचं तर तसल्या पाण्यात आमचं 70 मायक्रॉन पण फार तर चार वर्षं जास्त टिकलं असतं, पण हे मी पोराशिवाय कुणाजवळ बोललो नव्हतो. स्टेनलेसला वळलो, परत कर्ज. नवीन धंद्यात येणाऱ्यांनी जस्तात पैसे वाचवू नका आणि पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, हातात पडल्याशिवाय पाइप उचलू नका, मग समोरचा कितीही भडंग खाऊ दे.

2025 च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत 90 दिवस थांबवली. आमचा माल एका युरोपियन ठेकेदाराकडं जायचा होता, त्याचा मेल आला, पुढची सूचना येईपर्यंत थांबा. पोरगा घाबरला. मी शेडमध्ये जाऊन बघितलं, पाइप उचललेला नव्हता, एवढं तरी शिकलोय.

काका तीन वर्षांपूर्वी गेले. दुकान त्यांची मुलगी बघते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर टाकते, मागच्या आठवड्यात आली, साखळी 200, कप वॉशर 5000, आणि खाली लिहिलंय, अंकल, भडंग पण. वॉशर पॅक झालेत. भडंगाचं कस्टममध्ये काय लिहायचं ते सीएचएवाल्याला, म्हणजे कस्टमच्या एजंटला, विचारतोय.