आकडा शिकवता, मग त्याला नावे का ठेवता?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडच्या महाविद्यालयांतील तरुण प्राध्यापकांना गूगल स्कॉलर या निबंध शोधण्याच्या संकेतस्थळावर नोंद कशी करावी, स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत विखुरलेले आपले निबंध एका नावाखाली कसे आणावेत आणि आपला एच-इंडेक्स कसा पाहावा, हे मी बरीच वर्षे शिकवीत आले आहे. एच-इंडेक्स चार म्हणजे ज्यांचा संदर्भ इतरांनी किमान चार-चार वेळा घेतला असे चार निबंध. आणि तीच मी निवड समितीत बसले की भूशास्त्राचा उमेदवार या आकड्यावर जोखू नका म्हणून वाद घालते. मग कार्यशाळेत चहाच्या वेळी कोणी ना कोणी विचारतेच, ‘मॅडम, आम्हाला शिकवता आणि वर त्यालाच नावे ठेवता, हे कसे?’ चहाच्या वेळेत याचे उत्तर पुरे होत नाही, आणि अर्धवट दिलेले उत्तर ‘मॅडमचा स्वतःचा एच-इंडेक्स कमी असेल’ अशा रूपाने माझ्याकडे परत येते. तो कमी नाही. भारी म्हणावा असाही नाही, पण माझे म्हणणे त्याच्याशी बांधलेले नाही.

मी हा आकडा का शिकवते हे कोणी विचारत नाही, म्हणून ते आधी सांगते. मी उमेदवार म्हणून फिरत होते त्या काळात कोल्हापूर-पुण्याकडच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ‘तुम्ही कर्नाटकातल्या ना?’ असा असे, आणि धारवाड-बेंगळुरूकडच्या मुलाखतीत माझे आडनाव वाचल्याबरोबर खोलीतील कानडी बोलणे इंग्रजीवर येई. कोणी वाईट वागले असे मी म्हणत नाही. पण दोन्हीकडे मी कुठली हे आधी ठरे आणि मी काय केले याकडे नंतर लक्ष जाई. एका मुलाखतीत मात्र बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी माझ्या निबंधांचे संदर्भ कोणी कोणी घेतले याची यादी काढून आणली होती. त्या यादीत जांभ्यावर काम करणारा ब्राझीलमधला एक गट होता, ऑस्ट्रेलियातला एक होता. बेळगाव कोणत्या राज्यात आहे याच्याशी त्या माणसांना काही देणेघेणे नव्हते. ती नोकरी मला मिळाली. तेव्हापासून सायटेशन, म्हणजे दुसऱ्याने आपल्या निबंधाचे केलेले उद्धरण, हा मला नाव-गाव न विचारता साक्ष देणारा साक्षीदार वाटत आला आहे, आणि ज्यांच्यामागे कोणी वजनदार गाईड नाही, ज्यांना दोन्ही राज्यांत कोणी ‘आपले’ म्हणत नाही, अशा मुलामुलींना मी तो साक्षीदार हजर करायला शिकवते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देसाई ही आडनावे इतकी आहेत की आद्याक्षर आणि आडनाव एवढ्यावर संगणकाला माणूस ओळखता येत नाही. कितीतरी प्रोफाइलांत भूशास्त्राच्या निबंधांबरोबर हृदयरोगाचे आणि ऊसशेतीचेही निबंध आपोआप चिकटलेले असतात आणि ते ज्याचे त्याने काढून टाकावे लागतात. कर्नाटकात आद्याक्षरे नावाच्या आधी लिहिण्याची रीत, महाराष्ट्रात आडनाव शेवटी, आणि सीमेवरचा माणूस कधी असे लिहितो, कधी तसे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची तर मोजणीच दुभंगते. एका सहकारी बाईंची स्कोपसवर दोन खाती निघाली. माहेरच्या नावावरील निबंधांना १४, ९, ६, ५, २ अशी उद्धरणे होती, म्हणजे एच-इंडेक्स ४. सासरच्या नावावरील निबंधांना ११, ८, ७, ५, ५, १, म्हणजे ५. दोन्ही खाती एक करून घेतल्यावर तो ६ झाला. एवढ्याने त्या मोठ्या शास्त्रज्ञ ठरल्या नाहीत, पण त्यांच्या निम्म्या कामाची नोंद त्यांच्या नावावर नव्हती ती झाली. नाव कसेही लिहिले तरी संशोधक ओळखता यावा म्हणून २०१२ पासून ऑर्किड (ORCID) क्रमांकाची सोय आहे. तो प्रत्येकाने पहिल्या निबंधाच्या आधी घ्यावा असे मी कळकळीने सांगते.

आता नावे ठेवण्याकडे येते. खोटी सायटेशने, एकमेकांचे निबंध ठरवून उद्धृत करणारी टोळकी, पैसे घेऊन छापणारी नियतकालिके, नावापुरते सहलेखक, हे सगळे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. त्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली आणि २०२५ मध्ये ती मागेही घेतली. माझा आक्षेप त्या लबाडीवर नाही. सगळे जण प्रामाणिक वागले तरी भूशास्त्रात हा आकडा काय दाखवतो, यावर आहे.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श यांनी सुचवला. ते पदार्थवैज्ञानिक, आणि सहयोगी प्राध्यापकाला सुमारे १२, प्राध्यापकाला सुमारे १८ हे त्यांचे अंदाज अमेरिकेतील मोठ्या संशोधन विद्यापीठांमधल्या पदार्थवैज्ञानिकांसाठी होते. एका आकड्यात माणसाचे सगळे काम मावत नाही, हेही त्यांनी तिथेच लिहिले आहे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातील एका निबंधाला सरासरी किती उद्धरणे मिळतात याचा आकडा, तर मागच्या दोन वर्षांतील निबंधांपुरताच पाहतो. आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. गोकाकच्या धबधब्याचा क्वार्ट्झाइट ज्या कलादगी खडकांत मोडतो, त्यांचे पहिले नीट वर्णन रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा मुलुखावरच्या अहवालात केले. तो १८७६ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. कलादगीवर काम करणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. भूशास्त्रात निरीक्षण लवकर शिळे होत नाही, आणि जे लवकर शिळे होत नाही त्याची किंमत दोन वर्षांच्या खिडकीतून दिसत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या रेल्वेवरचे देसूर तुम्हाला माहीत आहे. दख्खनच्या बसाल्टचे जे थर शास्त्रज्ञांनी पाडले आहेत, त्यांतील सर्वांत वरच्या थरांपैकी एकाला याच गावाचे नाव दिलेले आहे आणि देसूर फॉर्मेशन हे नाव जगभरच्या निबंधांत येते. कारण दख्खनचे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि डायनोसोरांच्या विनाशात त्यांचा वाटा किती, हा प्रश्न अजून पेटता आहे. २०१९ साली दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी या उद्रेकांचे वय काढले, त्यांचे निष्कर्ष पूर्ण जुळले नाहीत, आणि म्हणून या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण दोन्ही निबंध उद्धृत करतो. ते काम उत्तम आहे. पण याच बसाल्टच्या माथ्यावर जांभा आहे, जांभ्यात विहिरी आहेत, त्या विहिरींना मार्चनंतर पाणी का राहत नाही यावर कोणी दहा वर्षे काम केले, तर त्याला उद्धृत करणारी माणसे जगात किती असणार? डोंगर तोच, कष्ट तेवढेच, काटेकोरपणाही तेवढाच, आणि आकड्यांत फरक अनेक पटींचा. त्या फरकात शास्त्रज्ञाची गुणवत्ता शोधणे मला पटत नाही.

हे सगळे मी तत्त्व म्हणून बरीच वर्षे बोलत होते. ते अंगाशी आले एका निवड समितीत. संस्था कोणती हे सांगणार नाही, विचारू नये.

जागा एक होती आणि शेवटी दोनच उमेदवार उरले. पहिल्याचे काम उपग्रहचित्रांवरून पाणलोटांचे विश्लेषण करण्याचे. निबंध भरपूर, बहुतेक पाच-सहा लेखकांचे, उद्धरणे चांगली, उत्तरेही नेटकी. माणूस हुशार होता आणि त्याचे काम खरे होते, हे मी तेव्हाही म्हटले. दुसरा खानापूर तालुक्यातला. त्याने जांबोटीकडच्या जांभ्याच्या पठारांवरील विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षानुवर्षे, स्वतः दोरी सोडून मोजली होती. निबंध मोजके, त्यांतलाही एक स्कोपसमध्ये नसलेल्या परिषदवृत्तांतात. त्याने नकाशा आणला होता. तो टेबलावर मावेना, तेव्हा एका सदस्यांनी चहाचे कप उचलून खिडकीत ठेवले. नकाशा अजून पुरता उलगडला नव्हता, तोवर दुसऱ्या सदस्यांनी मोबाइलवर स्कोपस उघडून ‘तीन’ एवढेच म्हटले. तो त्याचा एच-इंडेक्स. मुलाने ते ऐकले आणि नकाशाची एक घडी तशीच राहू दिली.

मी त्याला विचारले, पाणी जाते कुठे? त्याने बोटाने दाखवले. जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या लिथोमार्जच्या चिकण थरावर अडते आणि पठाराच्या कडेने झऱ्यांतून निघून जाते. म्हणून कडेजवळच्या विहिरी आधी आटतात, आतल्या अधिक तग धरतात, आणि आटलेली विहीर आणखी खोल नेली की ती लिथोमार्जमध्ये ढासळते, पाणी वाढत नाही. प्रत्येक वाक्यामागे त्याच्याकडे मोजमाप होते. एका गावात तो पहिल्यांदा गेला तेव्हा विहिरीच्या मालकाने त्याला म्हटले होते, ‘पाणी लागंल का तेवढं सांग बाळा, दगडाचं नाव राहू दे.’ नंतर त्याच गावाने नवी विहीर त्याने दाखवलेल्या जागी खणली. याचे सायटेशन कुठे होते? ग्रामपंचायतीच्या ठरावाला स्कोपसमध्ये जागा नाही.

चर्चेच्या वेळी मी म्हटले, की गुणतक्ता आपल्याला निबंधांचे आणि इम्पॅक्ट फॅक्टरचे गुण द्यायला सांगतो, ते देऊ. पण एच-इंडेक्स हा तक्त्याबाहेरचा आहे, तो तोंडी आणून तराजू झुकवू नये. जर्नलचा आकडा माणसावर लादू नये असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात म्हटले आहे, आणि स्थानिक उपयोगाच्या संशोधनाचे रक्षण करा असे २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात स्वतंत्र कलमच आहे, तेही वाचून दाखवले. त्यावर मोबाइल हातात असलेले सदस्य, जे काही वर्षांपूर्वी माझ्याच कार्यशाळेत बसले होते, अगदी शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, हा आकडा तुम्हीच आम्हाला शिकवलात. नावगाव न बघणारा आहे म्हणून शिकवलात. पहिला उमेदवार कानडी आहे, दुसरा मराठी. नकाशा आवडला म्हणून आपण दुसऱ्याला घेतले, तर उद्या बाहेर काय बोलले जाईल, ते तुम्हाला आम्ही सांगायला हवे का?’

मला उत्तर सुचले नाही. उमेदवारांच्या भाषेचा विचार मला शिवला नव्हता, असे मी आजही सांगते. पण ते मी कशाने सिद्ध करणार? ज्या संशयातून मला एका यादीने सोडवले होते, त्याच संशयातून त्या सदस्यांना समितीला सोडवायचे होते, आणि त्यांच्या हातात तेच साधन होते. निवड पहिल्या उमेदवाराची झाली. मी भिन्नमत लिहून दिले आणि निवडपत्रावर सहीही केली, कारण निवड नियमांत बसणारी होती. ‘सही केलीत, मग बोलता कशाला’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच, की सही न करता उठून गेले असते तर भिन्नमताचा कागदही त्या फायलीत राहिला नसता. दुसरा मुलगा आता खाणकंपनीत बोअरमधून निघालेल्या दगडी गाभ्यांच्या नोंदी करतो. विहिरींची मोजणी त्या वर्षीच थांबली. नोंदींची ती सलग मालिका एकदा तुटली की तुटली. पुढे कोणी कितीही इम्पॅक्ट फॅक्टर आणला तरी गेलेल्या उन्हाळ्यांची पातळी आता मोजता येणार नाही.

तेव्हापासून माझा वाद तुमच्यापेक्षा, एका यादीमुळे नोकरी मिळालेल्या त्या मुलाखतीतल्या तरुण मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, अधिक आहे. ती म्हणते, आकडा काढून घेतलास तर माझ्यासारखीच्या हाती काय उरेल? तज्ज्ञांनी निबंध वाचून ठरवावे म्हणतेस, पण वाचणारे तज्ज्ञ कोण असतील, कोणाच्या ओळखीचे असतील? तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. मी तिला म्हणते, की प्रत्येक उमेदवाराने आपली तीनच कामे निवडावीत, त्यांत नकाशा, मोजणीची वही, गावाला दिलेला अहवालही चालावा, आणि दोन्ही राज्यांबाहेरच्या भूशास्त्रज्ञांनी नावे झाकून ती वाचावीत. तिचे उत्तर तयार असते: जांबोटीच्या पठाराचा नकाशा बघितल्यावर तो करणारा कोण, हे झाकून राहील का? या विषयात माणसे इतकी थोडी आहेत की नकाशाच नाव सांगतो. जगातील आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांची जी यादी दरवर्षी निघते, तिनेही हे सुटत नाही. ती यादी निदान विषयवार तुलना करते, भूशास्त्रज्ञाला वैद्यकाशेजारी उभे करीत नाही, हे यादीच्या बाजूने मी नेहमी सांगते. पण यादीचाही पाया स्कोपसच आहे, आणि विहिरीची दोरी तिथे पोहोचत नाही.

म्हणून पुढच्या कार्यशाळेतही मी प्रोफाइल जुळवायला शिकवीन, आणि समितीत बोलावले तर एच-इंडेक्स टेबलावर आणू नका असेच म्हणेन. यात विसंगती आहे असे तुम्हाला वाटत असेल तर ती आहे, आणि तूर्त ती मला सोडवता येत नाही. फक्त मोजणीची वही असलेल्या मुलामुलींना आता एक गोष्ट जास्तीची सांगते: आपल्या नोंदींचा संच एखाद्या खुल्या डेटा भांडारात ठेवून त्याचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, घ्या, म्हणजे जो कोणी ती आकडेवारी वापरील त्याला तुमचे नाव उद्धृत करता येईल. जांबोटीच्या त्या मुलालाही मी हे कळवले आहे. जुन्या वह्या कुठे आहेत ते शोधतो, असे त्याने लिहिले.